साहेबाचा चहा

माझ्यावर उपकार केले ते छावणीतल्या एका चर्चमध्ये चहा करणाऱ्या मावशीनं. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं पाळक येतील, पाच वडील येतील, साता समुद्रापलीकडून आलेला पाहुणा येईल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की जे झालं ते या मोठ्या माणसांमुळं झालं. त्यांनी ठराव केले. बाकी सगळं मावशीनं केलं. तिचं नाव मात्र लिहीत नाही. "माझं नाव कुठं छापलंस तर तुझ्या चहात मीठ घालीन," असं तिनं बजावलंय, आणि ती घालेल.

मी गडचिरोलीच्याही पलीकडची. आमच्या गावाहून शाळेच्या गावाला जाणारी एसटी बंद झाली आणि तिच्याबरोबर माझी नववीही बंद झाली. पुढं गावातल्या एका बाईच्या ओळखीनं वाळूजला एका कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागले. राहायला छावणीत चौघींत एक खोली होती. मग घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि खोली सोडायला सांगितलं. बाकीच्या तिघींना शहरात कुणी ना कुणी होतं. मला नव्हतं. रविवारी सकाळी खांद्याला बॅग लावून मी छावणीभर खोली विचारत फिरले. सगळीकडं तेच प्रश्न. एकटीच का? गाव कुठलं? इथं कोण आहे तुमचं? पहिल्या दोन प्रश्नांपर्यंत दार उघडं असायचं.

ऊन डोक्यावर आलं होतं. एका फाटकातून गाण्याचा आवाज आला. दगडी इमारत होती, दार सताड उघडं. मी त्यांच्या धर्माची नव्हते, आजही नाही, आम्ही बौद्ध. पण आत पंखा फिरताना दिसला. मी चपला काढल्या आणि आत शिरले. बाकं भरलेली होती. सगळ्यात पुढं, डावीकडं, बरोबर पंख्याखाली एक वेताची खुर्ची मोकळी होती. मी जाऊन बसले.

गाणं थांबलं.

हळूहळू नाही, एकदम. फक्त पेटी थोडा वेळ एकटीच वाजत राहिली, मग तीही गप्प झाली. पाळकांच्या हातातलं पुस्तक तसंच हवेत. मला वाटलं, कुणी मेलं की काय. मागं बघितलं तर सगळी मंडळी माझ्याकडं बघतेय. एक मिशीवाले ताठ गृहस्थ उठून उभे राहिले होते. नंतर कळलं, ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, पाच वडिलांपैकी एक.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "काय बघायलेत सगळे? उन्हाची आलीय पोरगी. बसू द्या की!"

ती मावशी. हातात चहाची गाळणी होती.

पाळक खाली येऊन हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही बसा. उठू नका. पण ही खुर्ची साहेबांची आहे."

मी ताडकन उठले. "कुठं आहेत साहेब? माफी मागते."

"ते गेलेत," पाळक म्हणाले. "यायचे आहेत."

आता साहेब कोण, ते सांगायला हवं. हे चर्च मुळात प्रेसबिटेरियन. पुढं मोठमोठ्या मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांची चर्चं, एकत्र झाल्या, पाटीवरचं नाव बदललं, कारभार मात्र जुनाच राहिला. म्हणजे असं की इथं एकटा माणूस काही ठरवत नाही. पाळकसुद्धा नाही. मंडळी आपल्यातले पाच जुने, जाणते लोक निवडते, त्यांना वडील म्हणतात, आणि ते पाच जण मिळून ठराव करतात. मला घरी एक वडील होते आणि त्यांनी जन्मात काही ठरवलं नव्हतं. इथं पाच होते आणि ते नळाच्या तोटीवरसुद्धा ठराव करायचे. त्यांच्यातले मास्तर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, मला एकदा म्हणाले, "एकट्याची चूक एकट्यालाच भोगावी लागते. पाच जणांची चूक असली की ती परंपरा होते." हे ते अभिमानानं म्हणाले.

तर साहेब. फार वर्षांपूर्वी, मास्तरांचे आजोबा लहान होते तेव्हा, एक गोरा मिशनरी बैलगाडीनं भलतीकडंच निघाला होता. छावणीजवळ गाडीचं चाक मोडलं. इथल्या सुताराकडं चाक दुरुस्तीला दिलं. सुतार आळशी होता. आज उद्या, आज उद्या करत त्यानं इतके दिवस लावले की साहेब वेळ घालवायला झाडाखाली बसून सुताराच्या पोरांना अक्षरं शिकवू लागला. मग शेजारची पोरं आली, पोरांच्या आया आल्या, कुणाच्या डोळ्यांना औषध घातलं, कुणाच्या पायाला पट्टी बांधली. चाक तयार झालं तोवर मंडळी तयार झाली होती. म्हणून दर वर्धापनदिनाला उपकारस्तुतीत देवाच्या पाठोपाठ सुताराच्या आळसाचे आभार मानतात. सुताराचा पणतू पाच वडिलांतच आहे, त्याचं गॅरेज आहे. त्या दिवशी तो नवा शर्ट घालून येतो आणि आभार स्वीकारतो. त्याच्याकडं गाडी दिली की अजूनही आठवडा जातो. कुणी बोलत नाही.

साहेबानं पुढं शाळा काढली, दवाखाना काढला. दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून विहीर खोदायला घेतली. पाणी लागलं नाही. त्यानं प्रार्थना करून आणखी खोदली. तरी लागलं नाही. ती विहीर आवारात आहे, तिला "साहेबाची श्रद्धा" म्हणतात. तिच्यावर जाळी टाकलेली आहे आणि कठड्यावर बसून लोक चहा पितात. आता ना शाळा राहिली ना दवाखाना. मिशन म्हणून जे उरलंय ते म्हणजे बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी पोरांचा अभ्यास आणि रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी फाटकाबाहेर पाण्याचे माठ.

एका वर्षी साहेबाला त्याच्या देशातून बोलावणं आलं. जाताना तो म्हणाला, पावसाळा संपला की येतो, माझी खुर्ची ठेवा. वडिलांनी ठराव केला: साहेब येईपर्यंत खुर्ची आणि मागची खोली त्यांच्यासाठी ठेवावी. कुठला पावसाळा, हे साहेब बोलला नाही. तेव्हापासून दर रविवारी खुर्ची पुसतात. उपासनेनंतर चहा होतो, तेव्हा एक कप साहेबाचा. निळ्या काठाचा, कान तुटलेला. तो विहिरीच्या कठड्यावर ठेवतात, प्रार्थना होते, सगळ्यांचा चहा पिऊन झाला की मावशी तो कप आत घेऊन जाते.

"अहो, पण साहेब आता..." मी त्या पहिल्या दिवशी मावशीला विचारलं. म्हणजे, हिशेब साधा होता.

"मेला असंल," मावशी म्हणाली. "पण तसा ठराव कुठं झालाय?"

माझी बॅग बघून तिनं ओळखलंच होतं. सगळं विचारून घेतलं आणि चहाची किटली घेऊन थेट वडिलांपुढं उभी राहिली. "साहेबाची खोली कामून बंद ठेवायची? वाळवी लागायलीय. ही पोरगी राहील, झाडलोट करील, माठ भरील."

"खोली साहेबांची आहे," सुभेदार म्हणाले. "आपल्याला देता येत नाही."

"मग साहेबाची पाहुणी म्हणून राहू द्या."

मास्तर विचारात पडले. "पाहुणी ठेवायला साहेबांची परवानगी लागेल."

"आणि ही आपल्या मंडळीची नाही," गॅरेजवाले म्हणाले.

"साहेब आला तवा इथं मंडळी कुठं हुती? तुमचा पणजाच मंडळीचा नव्हता!" मावशी म्हणाली. "आन् परवानगीचं म्हणाल तर मी सांगते. मी किती वर्सं साहेबाला चहा देते? एकदा तरी नको म्हणला का त्यो? जो माणूस कधी कशाला नाय म्हणला नाय, त्यो आत्ताच नाय कसा म्हणंल?"

पाचही वडील विहिरीकडं बघत राहिले. मला खात्री होती की आता हसतील आणि मला फाटकाबाहेर काढतील. कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "हे ग्राह्य धरता येईल. आजवरच्या वागणुकीवरून संमती." ठराव झाला: साहेब परत येईपर्यंत या मुलीनं साहेबांची पाहुणी म्हणून राहावं, साहेब आल्याबरोबर खोली रिकामी करावी.

खोली छान होती. खिडकी, पलंग, भिंतीवर साहेबाची हॅट टांगायची खुंटी. तिच्यावर मी काही टांगत नसे. मी कारखान्यातून येऊन माठ घासायची, भरायची, पोरांच्या अभ्यासाला बसायची, आणि पोरांच्या मागं बसून माझीही राहिलेली नववी थोडी थोडी करायची. रविवारी मागच्या बाकावर बसायची. सगळं चांगलं चाललं होतं, आणि म्हणूनच मला झोप लागत नव्हती. साहेब आला तर?

हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतं. मला कळत होतं की तो येणार नाही. त्याचं वय मी बोटांवर मोजलं होतं, बोटं पुरली नव्हती. तरी फाटकाशी रिक्षा थांबली की मी खिडकीशी धावायची. पावसाळा संपत आला की जास्तच. बॅग मी कधी पूर्ण रिकामी केलीच नाही. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "येडी का काय तू? मेलेल्या माणसाला भेतीस?"

"जिवंत घरमालकालाही भीत होते," मी म्हटलं. "त्यानं काढलंच ना."

पुढच्या रविवारी तिनं साहेबाचा कप कठड्यावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "साहेब, घाई करू नगा. तिकडंच बरंय." पाळक खोकले.

आणि मग हिवाळ्यातल्या एका रविवारी फाटकाशी गाडी थांबली. उपासना सुरू व्हायची होती. गाडीतून एक उंच, उन्हानं लालबुंद झालेला गोरा माणूस उतरला, आणि त्याच्यासोबत फर्दापूरचा एक गाईड.

"अजिंठा दाखवून आणलं," गाईड पाळकांना म्हणाला. "आता हे बोलायलेत, पणजोबाचं चर्च बघायचं. इथं चाक मोडलं होतं म्हणे कुणाचं?"

माझ्या हातातला झाडू गळून पडला. साहेब नाही, पण साहेबाचं रक्त. खोलीचा मालक आला. मी धावत जाऊन बॅगेत दोरीवरचे कपडे कोंबले, स्टोव्ह पलंगाखाली सरकवला आणि परत येऊन मागच्या बाकावर बसले.

पाहुणा आत आला आणि सरळ चालत पुढं गेला. मोकळी खुर्ची दिसली, तो बसायला वाकला. सुभेदार आडवे आले.

"ही जागा साहेबांची आहे."

गाईडनं सांगितलं. पाहुणा आनंदानं काहीतरी म्हणाला. गाईड म्हणाला, "हे त्यांचेच पणतू आहेत ना सुभेदारसाब!"

"असतील. आनंद आहे. पण ठरावात पणतू नाही."

त्यामुळं जो माणूस साता समुद्रापलीकडून पणजोबाची खुर्ची बघायला आला होता, तो मागं, चपलांच्या शेजारी, माझ्या बाकावर येऊन बसला. मी भीतीनं भिंतीला चिकटले. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले. मला वाटलं, हा आता खोलीचं विचारणार. त्यानं उपासनेचं कुठलं पान काढायचं ते खुणेनं विचारलं. मी त्याला पान काढून दिलं.

उपासना झाली. विहिरीच्या कठड्यापाशी चहा आला. मावशीनं निळ्या काठाचा कप ठेवला. पाहुण्यानं विचारलं, हा कुणाचा? मास्तरांनी इतक्या वर्षांचा सगळा इतिहास सांगितला, चाकापासून. गाईड लेण्यांची माहिती द्यावी तसा हात पसरून सगळं त्याच्या भाषेत सांगत होता. पाहुण्याचे डोळे ओले झाले. मग तो हसायला लागला. मग काहीतरी बोलला आणि गाईडही हसला, पण सांगेना.

"काय म्हणतात?" सुभेदारांनी विचारलं.

"जाऊ द्या साब."

"सांगा."

"ते बोलायलेत, पणजोबाला चाय बिलकुल चलत नव्हती. त्यांच्या घरात गोष्टच आहे. हिंदुस्थानात ऊन सोसलं, विंचू सोसले, पण चाय नाही. वास आला तरी उठून जायचे."

कठड्यावर कपातून वाफ निघत होती.

मला सगळ्यात आधी कळलं. मग मास्तरांना कळलं, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाईट माणूस नाही तो, पण खरं ते खरं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "साहेबांनी नको म्हटलं असतं. म्हणजे मावशींची साक्ष बाद होते. म्हणजे पाहुणीचा ठराव..."

"पाचही जण हजर आहेत," सुभेदार म्हणाले. "पुन्हा कधी जमतील? आत्ताच घेऊन टाकू."

पाळकांनी प्रार्थना करून सभा उघडली. सगळे उभेच होते. पाहुण्याला वाटलं, आणखी एक उपासना. त्यानंही डोळे मिटले. मी विहिरीच्या जाळीला धरून उभी होते. खाली अंधारात कोरडा तळ. मनात मी बसस्टँडवर पोचलेही होते. मास्तर म्हणाले, ठराव ज्या आधारावर झाला तो आधारच राहिला नाही. गॅरेजवाले म्हणाले, खरंय, पण पोरगी माठ चांगले भरते. सुभेदार म्हणाले, माठाचा इथं संबंध नाही. गाईड मध्येच म्हणाला, "हे पण सांगू का ह्यांना?" त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

मावशी गाळणी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "झालं तुमचं?"

"बोला मावशी."

"साहेबाला चहाचा वाससुदिक सोसत नव्हता, व्हय ना? आन् ह्या मंडळीनं इतकी वर्सं त्याच्या म्होरं चहा ठिवला. माझ्या आधी माझ्या सासूनं ठिवला. एकदा तरी कप लवंडला का त्यानं? कुणाच्या सपनात येऊन कुरकुर केली का? नाय. का? तर आमचं मन मोडू ने म्हणून." तिचा आवाज चढला. "ज्यो माणूस नुसतं आमचं मन राखायला इतकी वर्सं नकोसा चहा घेतो, त्यो एका लेकराला रस्त्यावर काढंल? सांगा मास्तर! तुमीच शिकवलंय ना इतिहास!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे," ते म्हणाले, "आधीच्या साक्षीपेक्षा भक्कम आहे."

हात वर झाले. पाच. सहावा गाईडचा होता, तो सुभेदारांनी खाली करायला लावला. पाहुण्यानं विचारलं काय झालं, तर गाईड म्हणाला, तुमच्या पणजोबांनी आत्ताच एक मोठा निर्णय घेतला. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. नंतर तो खोली बघायला आला तेव्हा दाराबाहेरच चपला काढून उभा राहिला आणि आत येऊ का म्हणून मला विचारलं. मला! मी बॅग पायानं पलंगाखाली ढकलली आणि या म्हटलं. रिकाम्या खुंटीचा त्यानं फोटो काढला.

पण सभा हात वर झाल्यावर संपली नव्हती. मास्तरांचं म्हणणं पडलं की आता कळल्यावर साहेबांना चहा देणं बरं नाही. ते काय प्यायचे, पाहुण्याला विचारलं. तो म्हणाला, बहुतेक गरम पाणी, लिंबू पिळून. "बहुतेकवर ठराव होत नाही," सुभेदार म्हणाले, म्हणून लिंबू गळलं आणि साधं गरम पाणी राहिलं. मग प्रश्न आला, साहेबाच्या वाटणीच्या चहाचं काय? तर गॅरेजवाले म्हणाले, साहेबाचा चहा साहेबाच्या पाहुणीला. लगेच मंजूर.

सगळ्यांना हे छान वाटलं. मी मात्र मावशीकडं बघितलं. कारण तो कप आत नेऊन ती काय करायची, हे मला एकटीला माहीत होतं. मागच्या दाराआड पाटावर बसून, डोळे मिटून, ती तो चहा प्यायची. सगळ्यांना वाटताना स्वतःला ती किटलीच्या तळातला घोटभर घ्यायची. भरलेला, आलं घातलेला, निवांत कप म्हणजे तो एकच, आठवड्याचा. "मला मेलीला कुठं झेपतो येवढा चहा," मावशी म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला.

मी तो दर रविवारी तिला द्यायला जाते. ती हात मागं घेते. "ठराव झालाय, पी गुपचूप." अर्धा देते म्हटलं तर म्हणते, "अर्ध्याचा ठराव करून आण." मग मी तिच्यासमोर बसून तो पिते, आणि दर घोटाला वाटतं की घशाखाली जातंय ते माझं नाही.

बॅग आता रिकामी केलीय. पूर्ण नाही, पण एक कप्पा सोडून. यंदा बाहेरून दहावीला बसतेय, पाळक म्हणतात होशील पास. मला वाटत नाही, पण वडिलांनी तसा ठरावच केलाय, तर बघू.

मावशी, तू हे वाचणार नाहीस, कुणीतरी तुला वाचून दाखवेल आणि तू त्याला रागावशील. तरी लिहून ठेवते. एक दिवस माझी स्वतःची खोली असेल, जिच्यात कुणाच्या परतीची भीती नसेल. तिथं वेताची एक खुर्ची ठेवीन, पंख्याखाली, आणि तिच्यावर तू येईपर्यंत कुणाला बसू देणार नाही. तू आलीस की आलं घालून चहा करीन, काठोकाठ, एक झाला की दुसरा. साहेब दाराशी आला तर त्यालाही बसवीन, गरम पाणी देऊन, पण जमिनीवर. खुर्ची तुझी. यासाठी मी कुणाचाही ठराव घेणार नाही.